नोव्हेंबरची चेटकीण आणि लोखंडाची गोळी

५ नोव्हेंबर : सू सेंट मरी

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या सुपिरियर सरोवराच्या काठचा पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरअखेर आटोपतो. झाडांची पाने गळून गेलेली असतात, बर्फ अजून धरायचा असतो, संग्रहालयांना कुलपे लागलेली असतात आणि निम्म्याअधिक खाणावळींच्या दारांवर मे महिन्यात पुन्हा उघडणार असल्याच्या पाट्या लटकत असतात. आम्ही दोघे भाऊ मुद्दाम याच दिवसांत निघालो, कारण हे सरोवर त्याच्या बदनाम महिन्यात पाहायचे, असे आमच्या मनात बरीच वर्षे होते. दादा स्थापत्य अभियंता आहे. वादळाच्या गोष्टींत त्याला रस आहे तो वाऱ्याच्या दाबापुरता. मला गोष्टी ऐकण्याचा नाद आहे. पूर्वेकडून निघून दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकायचे आणि १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी मिनेसोटातील स्प्लिट रॉक दीपगृहापाशी पोहोचायचे, एवढाच बेत आम्ही पक्का केला होता.

पहिला मुक्काम मिशिगन राज्यातील सू सेंट मरी या गावी होता. सुपिरियरचे पाणी येथून सेंट मेरीज नदीने ह्युरॉन सरोवराकडे उतरते आणि त्या उतारावर सुमारे ६.४ मीटरचा फरक पडतो. तो फरक जहाजांना पार करता यावा म्हणून १८५५ मध्ये येथे लॉक, म्हणजे आतले पाणी चढवून-उतरवून जहाज वर-खाली नेणारे दारांचे कुंड, बांधले गेले. दुपारी आम्ही काठावर उभे असताना हजार फुटी वर्गातील एक जहाज पो लॉकमध्ये शिरत होते. लॉकची रुंदी ११० फूट आणि जहाजाची १०५ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला हात आडवा करता येईल एवढीच जागा. गाभाऱ्यात देव सरकवावा तशा बेताने ते अजस्र धूड आत आले. डेकवरचा एक खलाशी आमच्यापासून इतक्या जवळून गेला की त्याच्या हातमोज्यांवर पडलेला तांबूस डाग स्पष्ट दिसला. पाणी ओसरू लागले तसे जहाज आवाज न करता खाली खाली गेले.

ही लॉक १५ जानेवारीपासून २५ मार्चपर्यंत बंद असतात. वरच्या खाणींतले लोखंड खालच्या पोलाद कारखान्यांपर्यंत त्याआधी पोहोचले पाहिजे, नाहीतर हिवाळाभर भट्ट्यांना पुरेल एवढा साठा होत नाही. त्यामुळे हवा बिघडू लागते नेमक्या त्याच आठवड्यांत जहाजांची धांदल वाढते. सुपिरियर, ह्युरॉन आणि शेजारच्या मोठ्या सरोवरांवरचे खलाशी 'नोव्हेंबरची चेटकीण' म्हणतात ती हीच हवा. दिवस लहान झाले की ती जागी होते, एखादे जहाज निवडते आणि त्याला घेऊन जाते, अशी तिची ख्याती आहे.

गावात नांगरून ठेवलेल्या व्हॅली कँप या जुन्या जहाजातले संग्रहालय बंद होते. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी ते पाहिले होते. १९७५ च्या नोव्हेंबरात या सरोवरात बुडालेल्या एडमंड फिट्झगेराल्ड या जहाजाच्या दोन जीवनरक्षक होड्या तेथे ठेवलेल्या आहेत. त्यांतील एकीचा तुकडाच उरला आहे आणि तिचा जाड पत्रा जेथे फाटला आहे, तेथे त्याच्या कडा चिंधीसारख्या बाहेर वळलेल्या आहेत. त्या होड्यांत कोणी चढले होते असे मानायला काहीही आधार नाही. कोणी हात लावण्याआधीच पाण्याने त्यांची ती गत केली.

६ नोव्हेंबर : आगावा

सकाळी पूल ओलांडून कॅनडात शिरलो आणि सतरा क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे १४० किलोमीटर उत्तरेला गेलो. चेटकिणीच्या कितीतरी आधीपासून या पाण्यात राहणाऱ्या एका प्राण्याचे चित्र तेथे एका कड्यावर आहे.

येथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक या सरोवराला गिचिगामी, म्हणजे महासागर म्हणतात. त्यांच्या कथांत पाण्याच्या तळाशी मिशिपेशू राहतो. त्याचे शरीर रानमांजराचे, डोक्यावर शिंगे आणि पाठीपासून शेपटीपर्यंत काट्यांची रांग. तो शेपटी फिरवतो तेव्हा शांत पाण्यात भोवरे उठतात आणि लाटा उसळतात. आकाशात त्याचे वैरी असतात गरुडांसारखे मेघपक्षी. त्यांच्या पंखांचा आवाज म्हणजे गडगडाट. हे मेघपक्षी वसंतात इतर पक्ष्यांबरोबर येतात आणि शरदात त्यांच्याबरोबरच दक्षिणेला निघून जातात. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते, कारण विजांची वादळे खरोखरच उन्हाळ्याबरोबर संपतात आणि त्यानंतर उरते ते गडगडाट नसलेले, नुसत्या वाऱ्याचे आणि पाण्याचे वादळ. आणखी एक रीत अशी की, अशा कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उघड्या पाण्याच्या काठावर त्यांची चर्चा करत होतो, हे त्या रीतीला धरून नव्हते.

कड्याकडे जाणारी पायवाट अर्ध्या किलोमीटरचीही नाही, पण ती दगडांच्या एका अरुंद फटीतून खाली उतरते आणि शेवटी पाण्याच्या बाजूला कललेल्या खडकाच्या पट्टीवर येते. चित्रे पाहायची तर याच पट्टीवरून चालत जावे लागते. हंगाम संपल्यामुळे तेथे कर्मचारी नव्हते. खाली पोहोचलो तेव्हा फार मोठ्या नव्हेत, गुडघ्याएवढ्या लाटा येत होत्या. पण तिसरी-चौथी लाट पट्टीवर चढून परत जाताना खडकावर काचेसारखा पातळ थर सोडून जात होती. दादाने टाच टेकवून पाहिली आणि ती सर्रकन घसरली. आम्ही तेथूनच मागे फिरलो.

म्हणजे ते चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, छायाचित्रांतूनच ओळखतो. तांबड्या गेरूने काढलेला शिंगे असलेला मिशिपेशू, त्याच्या खाली दोन सर्प आणि शेजारी माणसांनी भरलेली होडी. एकोणिसाव्या शतकात हेन्री स्कूलक्राफ्ट या अमेरिकी अभ्यासकाने या चित्रांची हकीकत ऐकून लिहून ठेवली होती. मायिंगन नावाच्या पुढाऱ्याने होड्यांचा ताफा घेऊन सरोवर सुखरूप ओलांडले, त्याची ती आठवण असे तिचे सार. ती नेमकी जागा मात्र सेल्विन ड्यूडनी या संशोधकाला बऱ्याच शोधानंतर १९५८ मध्ये सापडली. मला सर्वांत आवडतो तो होडीचा भाग. राक्षस काढणाऱ्याने त्याच खडकावर पार पोहोचलेली माणसेही काढली आहेत.

परतीच्या वाटेवर मी दादाला मिशिपेशूची दुसरी गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात येथे आलेल्या क्लोद दाब्लों या जेझुइट धर्मगुरूने ती नोंदवली आहे. चार जण मिशिपिकोटन बेटावर गेले आणि तेथील तांब्याचे तुकडे तापवून त्यांनी अन्न शिजवले. निघताना उरलेले तांबे त्यांनी होडीत घातले. किनारा सुटताच सगळीकडून आवाज येऊ लागला, की माझ्या मुलांचे पाळणे आणि खेळणी चोरून नेणारे हे कोण? चौघांपैकी एकही वाचला नाही. या सरोवराच्या भोवती शुद्ध तांबे खरोखरच उघड्यावर सापडत असे आणि मिशिपेशू हा त्या तांब्याचा राखणदार मानला जाई. त्यामुळे पाण्यावर निघण्यापूर्वी तंबाखू वाहण्याची पद्धत होती. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे इथलं वादळ आधीपासूनच धातूच्या वाहतुकीशी जोडलेलं आहे म्हण की." चेष्टेत म्हणाला, पण पुढचे चार दिवस हे वाक्य आमच्या बरोबर गाडीत बसून होते.

७ नोव्हेंबर : व्हाइटफिश पॉइंट

पॅरडाइस नावाच्या छोट्या गावानंतर रस्ता थेट सरोवरात घुसणाऱ्या जमिनीच्या टोकाकडे जातो. तेथे १८४९ पासून दीपगृह आहे. सध्याचा लोखंडी सांगाड्याचा मनोरा १८६१ चा. पश्चिमेकडून येणारी आणि पश्चिमेला जाणारी सगळी जहाजे याच टोकाला वळसा घालतात. गर्दी, धुके आणि लाटा एकत्र आल्यामुळे या किनाऱ्याला सरोवरांचे स्मशान म्हणतात. संग्रहालय बंद होते, पण वाळूवर जायला कोणाची आडकाठी नव्हती. ओल्या गोट्यांवरून चालताना पायांखाली कुरकुर आवाज येत होता, वारा दक्षिणेचा आणि सौम्य होता, आणि समोर क्षितिजापर्यंत काहीही नव्हते.

त्या 'काहीही नाही'मध्ये, येथून सुमारे २७ किलोमीटरवर, १६० मीटरहून अधिक खोल पाण्यात एडमंड फिट्झगेराल्ड दोन तुकड्यांत पडलेले आहे.

हे जहाज ७ जून १९५८ रोजी डेट्रॉइटजवळ पाण्यात सोडले गेले. लांबी ७२९ फूट, म्हणजे २२२ मीटर. त्या वेळी सरोवरांवरचे सर्वांत मोठे. शँपेनची बाटली तिसऱ्या तडाख्याला फुटली, जहाज सरकायला बराच वेळ लागला आणि पाहायला आलेल्यांपैकी एकाला हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. पुढे सतरा वर्षे जहाजाने उत्तम काम केले, विक्रम केले, तेव्हा हे अपशकुन कोणाला आठवत नव्हते. ते सगळ्यांना आठवले १९७५ नंतर. अपशकुनांचा हिशेब हा असा नेहमी उलटा मांडला जातो.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी विस्कॉन्सिनमधील सुपिरियर बंदरातून ते २६,००० टनांहून अधिक टॅकोनाइट, म्हणजे लोखंडाच्या खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या घेऊन निघाले. मागून आर्थर एम. अँडरसन हे दुसरे जहाज येत होते. वादळाचा इशारा आल्यावर दोन्ही कप्तानांनी उत्तरेकडची, कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाची वाट धरली. वारा ईशान्येचा असेपर्यंत हा निर्णय अगदी बरोबर होता. पण कमी दाबाचे केंद्र सरोवर ओलांडून पुढे गेले की वारा फिरतो, आणि तो वायव्येकडून वाहू लागला म्हणजे त्याला सरोवराची सगळी लांबी मोकळी मिळते. त्या मोकळ्या पाण्यावर वाढत आलेल्या लाटा शेवटी आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे आम्ही उभे होतो त्या टोकाच्या समोर येऊन पोहोचतात. दहा तारखेला दुपारी आडोसा सोडून खाली वळलेले फिट्झगेराल्ड नेमके त्या वेळी त्या पाण्यात होते.

साडेतीनच्या सुमारास कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली याने कळवले की कठडा तुटला आहे, हवा खेळवणाऱ्या दोन नळ्यांची झाकणे गेली आहेत आणि जहाज एका बाजूला कलले आहे. पुढे दोन्ही रडार बंद पडले. व्हाइटफिश पॉइंटचा रेडिओ संकेतही त्या संध्याकाळी बंद होता. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अँडरसनवरून विचारपूस झाली, तेव्हा मॅक्सॉर्लीने आम्ही तग धरून आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले. त्यानंतर काही मिनिटांत रडारवरचा ठिपका नाहीसा झाला. मदतीची हाक कोणी दिली नाही. २९ माणसे गेली आणि त्यांतील एकाचाही देह किनाऱ्याला लागला नाही.

देह किनाऱ्याला लागत नाहीत, यावरूनच सुपिरियर आपले मृत परत करत नाही, ही म्हण पडली आहे. हिचे कारण साधे आहे. खोल पाण्याचे तापमान वर्षभर चार अंशांच्या आसपास असते, तेथे कुजवणारे जिवाणू नीट वाढत नाहीत, शरीरात वायू धरत नाही आणि शरीर वर येत नाही. दुसरी कथा तीन बहिणींची. एकामागोमाग तीन मोठ्या लाटा येतात. पहिलीचे पाणी डेकवरून उतरायच्या आत दुसरी येते आणि तिसरी जहाजाला खाली दाबते. अँडरसनच्या कप्तानाने त्या संध्याकाळी आपल्या जहाजावरून दोन प्रचंड लाटा फिट्झगेराल्डच्या दिशेने गेल्याचे सांगितले होते, त्यामुळे या बहिणींना आता साक्षीदारही मिळाला आहे.

अँडरसनविषयी एक गोष्ट मात्र कथांमध्ये कमी येते. ते जहाज व्हाइटफिशच्या उपसागरात सुखरूप पोहोचले होते. तटरक्षक दलाने शोधासाठी परत जाल का असे विचारल्यावर ते ज्या पाण्यातून जेमतेम सुटले होते, त्याच पाण्यात पुन्हा गेले. विल्यम क्ले फोर्ड हे जहाजही निघाले.

वाळूवरच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसून दादाने मला फ्रीबोर्ड समजावून सांगितला. पाण्याची पातळी आणि डेक यांच्यामध्ये जहाजाची जी बाजू कोरडी राहते तो फ्रीबोर्ड. ती जितकी कमी, तितका माल अधिक आणि तितक्या लवकर लाट डेकवर. १९६९, १९७१ आणि १९७३ मध्ये नियम बदलत गेले आणि फिट्झगेराल्डला मूळ आराखड्यापेक्षा सुमारे एक मीटर अधिक खोल बसून प्रवास करायची मुभा मिळाली. तटरक्षक दलाने १९७७ च्या अहवालात हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठारांच्या तोंडांवरच्या झाकणांतून पाणी शिरल्याचा निष्कर्ष काढला. जहाजमालकांच्या संघटनेला तो मान्य नव्हता आणि तिने कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकावर बोट ठेवले. तो वाद मिटलेला नाही आणि माझ्यासारख्याने तो मिटवण्याचा आव आणू नये. पण एवढे मला तेथे बसल्यावर जाणवले की, चेटकीण ही सगळ्यांच्याच सोयीची आहे. तिने नेले म्हटले की तो मीटर मोजावा लागत नाही. दाब्लोंने नोंदवलेल्या जुन्या गोष्टीत अशी सोय नाही. तिच्यात पहिला प्रश्न होडीत काय भरले आहे, हाच आहे.

१९९५ च्या ४ जुलैला पाणबुड्यांनी जहाजाची घंटा वर आणली आणि तिच्या जागी २९ नावे कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. मूळ घंटा आमच्या पाठीमागच्या बंद इमारतीत होती. खिडकीला नाक लावून पाहिले, पण आत अंधार होता.

८ नोव्हेंबर : मार्क्वेटच्या वाटेवर

दिवसभर प्रवासच झाला. म्युनिसिंगजवळच्या पिक्चर्ड रॉक्सचे कडे पावसात पाहिले; लोखंडाने तांबडे, तांब्याने हिरवट आणि मँगनीजने काळे झालेले त्यांचे पट्टे ओले झाल्यामुळे अधिकच गडद दिसत होते. वायुभारमापक सकाळपासून उतरत होता. रेडिओवर गेलचा, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या वरच्या वाऱ्याचा इशारा होता. संध्याकाळी तो वाढून स्टॉर्मचा, म्हणजे ताशी ८९ किलोमीटरच्या वरचा झाला. मार्क्वेटच्या वरच्या बंदरात खनिजाचा धक्का आहे. त्याच्याजवळच्या रुळांच्या कडेला दादाला एक गोळी सापडली. सुपारीपेक्षा लहान, राखाडी-तांबूस, खडबडीत, आणि तिच्या आकाराला न शोभणारी जड. बोटांत फिरवली की तांबूस पूड लागते. सूच्या लॉकमध्ये खलाशाच्या हातमोज्यांवर पाहिलेला डाग आता ओळखू आला. अशा गोळ्यांनी जहाजांची कोठारे भरतात. दादाने ती खिशात टाकली.

९ नोव्हेंबर : मार्क्वेट

रात्री तीनच्या सुमारास वारा फिरला. हे आम्हाला झोपेतच कळले, कारण तोवर एका भिंतीवर आपटणारा आवाज अचानक दुसऱ्या भिंतीवर येऊ लागला. चार वाजता वीज गेली आणि ती संध्याकाळपर्यंत आली नाही. उजाडल्यावर प्रेस्क आइल उद्यानाकडे गेलो, पण किनाऱ्याचा रस्ता अडथळे लावून बंद केलेला होता. ते योग्यच होते. २०१७ च्या २४ ऑक्टोबरला अशाच वादळात येथील ब्लॅक रॉक्सवरून दोन माणसे लाटेने ओढून नेली आणि त्याच दिवशी येथून उत्तरेला असलेल्या तरंगत्या मापकाने २८.८ फुटांच्या लाटेची नोंद केली. आम्ही दूरच्या उंचवट्यावर, पाइन झाडांच्या आडोशाला थांबलो.

समुद्रातले वादळ ज्याने पाहिले आहे, त्याला पहिल्यांदा खटकतो तो ताल. महासागरात लाटांना हजारो किलोमीटर पसरायला मिळतात, त्यांच्या मध्ये दऱ्या असतात, आणि येणारी लाट आपल्याला तयारीला वेळ देते. येथे वाऱ्याला मिळणारे पाणी त्या मानाने थोडे. लाट उंच होते, पण लांब होत नाही. म्हणून दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला जागा नसते. एक बंधाऱ्यावर फुटते, तिचे पांढरे पाणी खाली येण्याआधी दुसरी त्यावर चढते, आणि दोघींचा मिळून होणारा आवाज गडगडणाऱ्या मालगाडीसारखा अखंड चालू राहतो. लांब जहाजाचे पुढचे टोक एका लाटेवर आणि मागचे दुसऱ्या लाटेवर असताना मध्ये पोकळी राहू शकते, हे दादाने बंधाऱ्याकडे पाहत हाताने दाखवले. दुसरी खटकणारी गोष्ट चवीची. तुषार ओठांवर येत होते आणि मी नकळत खारटपणाची वाट पाहत होतो. चव काहीच नव्हती. वाळलेल्या गवताच्या प्रत्येक पात्याभोवती बर्फाची नळी तयार झाली होती आणि वाऱ्याने ती पाती एकमेकांवर आपटून बारीक किणकिणत होती. वारा क्षणभर कमी झाला की तेवढाच आवाज ऐकू येई.

नोव्हेंबरच का, याचे उत्तर त्या उंचवट्यावर अंगाला लागत होते. पाण्याला उन्हाळ्याची ऊब सोडायला फार वेळ लागतो, हवा मात्र एका रात्रीत गोठते. ८२,००० चौरस किलोमीटरचे, सर्वांत खोल जागी ४०६ मीटर असलेले हे पाणी अजून हवेपेक्षा उबदार असते, तेव्हा उत्तरेची थंड हवा त्यावर येते, खालून तापून वर उठते आणि तिच्या जागी वरचा वेगवान वारा खाली ओढला जातो. त्यातच कोलोरॅडो आणि अल्बर्टा या दोन दिशांनी कमी दाबाची केंद्रे याच काळात सरोवरांच्या वाटेला लागतात. उबदार पाणी त्यांना आणखी बळ पुरवते.

आजचीच तारीख, ९ नोव्हेंबर, १९१३ मध्ये ह्युरॉन सरोवरावर सर्वांत वाईट ठरली. ७ ते १० नोव्हेंबरच्या त्या वादळात सगळ्या सरोवरांवर मिळून १२ जहाजे बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. वादळ मध्ये ओसरल्यासारखे वाटले होते आणि त्यामुळे अडकून पडलेली जहाजे निघाली होती. चार्ल्स एस. प्राइस हे नवे जहाज उलटे तरंगताना सापडले. पाणबुड्याने खाली जाऊन नाव वाचेपर्यंत काही दिवस ते कोणाचे हेच कळत नव्हते. या जहाजावरचा मिल्टन स्मिथ नावाचा सहायक अभियंता हवेचा रंग पाहून आधीच नोकरी सोडून उतरला होता आणि पुढे त्यालाच सोबत्यांचे देह ओळखायला जावे लागले. प्राइसच्या काही खलाशांच्या अंगावर रेजिना या भलत्याच जहाजाची जीवनरक्षक जाकिटे होती, अशी कथा तेव्हापासून बंदरोबंदरी सांगितली जाते. रेजिनाचा सांगाडा १९८६ मध्ये सापडला, तरी त्या जाकिटांचे कोडे उलगडले नाही. मला स्वतःला भुतांच्या गोष्टींपेक्षा स्मिथची गोष्ट अधिक अस्वस्थ करते. त्याने फक्त आकाशाकडे पाहिले होते.

भुताची गोष्टही आहेच. बॅनॉकबर्न हे कॅनडाचे जहाज १९०२ च्या नोव्हेंबरात आजच्या थंडर बेहून गहू घेऊन निघाले आणि २१ तारखेला दुसऱ्या एका जहाजाच्या कप्तानाने त्याला अखेरचे पाहिले. थोडा वेळ नजर वळवून त्याने पुन्हा पाहिले तो ते दिसेना. वर्षभरातच, बर्फाने मढलेले बॅनॉकबर्न वादळी रात्री दिसते, असे खलाशी सांगू लागले. त्याचा सांगाडा आजवर सापडलेला नाही, त्यामुळे त्या रात्रींना अजून वाव आहे. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात मी हे सांगत असताना दादा पेंगत होता.

१० नोव्हेंबर : डुलूथ आणि स्प्लिट रॉक

पहाटे वारा पडलेला होता. घड्याळ वाटेत एक तास मागे गेले, त्यामुळे चारशे किलोमीटर कापूनही दुपारी बाराच्या आधी डुलूथला पोहोचलो. येथील कालव्याचे तोंड दोन लांब धक्क्यांमध्ये आहे. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी मटाफा हे जहाज आत शिरताना त्या धक्क्यावर आपटले आणि किनाऱ्यापासून अगदी जवळ अडकून मोडले. गावातले हजारो लोक काठावर शेकोट्या पेटवून रात्रभर उभे होते. होडी पाठवणे अशक्य होते. मागच्या भागात अडकलेले नऊ जण गारठून मेले. आज त्या जागी एक मुलगी धक्क्याच्या कठड्याला टेकून सँडविच खात होती आणि पाणी कालच्या वादळाने मातकट झाले होते. अंतर डोळ्यांनी मोजले. हाक सहज ऐकू जाईल एवढेच होते.

त्या एका वादळात २९ च्या आसपास जहाजांचे नुकसान झाले आणि त्यानंतर जहाजमालकांच्या मागणीवरून स्प्लिट रॉकच्या ४० मीटर उंच कड्यावर दीपगृह बांधले गेले. ते १९१० मध्ये लागले आणि १९६९ मध्ये बंद झाले. आता दरवर्षी १० नोव्हेंबरला ते पुन्हा लावतात.

साडेचारला अंधार पडत होता. कड्यावर बरीच गर्दी जमली होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. एक माणूस फिट्झगेराल्डवरची नावे एकेक करून वाचू लागला. प्रत्येक नावामागून घंटेचा एक ठोका. नावे वाचायला आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दहाव्या-बाराव्या नावानंतर लहान मुलेही चुळबुळ करायची थांबली. एकोणतिसाव्या ठोक्यानंतर थोडी शांतता झाली आणि मग तिसावा ठोका पडला, तो या सरोवरांवर गेलेल्या सगळ्यांसाठी. त्यात मटाफाचे नऊ होते, प्राइसचे आणि रेजिनाचे होते, बॅनॉकबर्नचे होते. तांबे नेणाऱ्या त्या चौघांचाही त्यात समावेश करावा, असे मी मनाशी ठरवून टाकले.

मग दिवा लागला. वर्षातून याच एका संध्याकाळी पेटता दिवा मनोऱ्यात चढून पाहता येतो. अरुंद जिन्याने वर गेलो. पॅरिसमध्ये घडवलेले काचेचे भिंग हळूहळू फिरत होते. त्याच्या कंगोऱ्यांमध्ये दिव्याचे तुकडे होऊन ते पुन्हा एकत्र होत होते. दर दहा सेकंदांनी एक झोत पाण्यावरून जात होता. कालचे उधाण ओसरले होते, तरी खाली कड्याच्या पायथ्याशी लाटांचा आवाज येत होता.

दादाने बोट दाखवले. पूर्वेला, फार दूर, दोन पांढरे दिवे आणि त्यांच्या मागे पिवळट खिडक्यांची ओळ दिसत होती. जहाज टू हार्बर्स या खनिजाच्या बंदराकडून निघालेले असावे, म्हणजे भरलेले. दादा त्याच्याकडे पाहत खिशातली गोळी बोटांनी फिरवत होता. ते किती खोल बसले आहे हे त्या अंधारात दिसणे शक्य नव्हते. गाडीत परत आल्यावर रेडिओ लावला. उद्या दुपारपासून पुन्हा गेलचा इशारा होता.